घडी घातली की मापं बदलतात: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न घडीच्या छपाईबद्दल आहेत, कुणाचं पत्रक, कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा नकाशा, म्हणून सगळे एकत्रच घेतोय. सगळ्यांना लागू पडेल असं एक आधी सांगून ठेवतो. घडीच्या कामाला नेहमी दोन मापं असतात, उघडं माप आणि बंद माप. प्रेसकडून कोटेशन मागताना दोन्ही लिहून द्या, आधी रुंदी मग उंची, आणि शिवाय पानं किती पडणार तेही लिहा, कारण नुसतं "ए४ थ्री फोल्ड" म्हटलं की कुणी तीन पानं समजतं आणि कुणी तीन घड्या, आणि तीन घड्या घातल्या तर पानं चार होतात.

प्रश्न : आमच्या क्लासचं ए४ चं तीन पानी पत्रक छापून आणलं. कोरल ड्रॉमध्ये २९७ ला ३ ने भागून ९९-९९-९९ असे अगदी समान भाग केले होते. तरी आत जाणारं पान फुगतंय, आणि मागच्या पानाच्या कडेला आतल्या पानाच्या केशरी रंगाची पट्टी दिसतेय. प्रेसवाला म्हणतो फाइल चुकलीय, मला तर मापं बरोबर वाटतात. (नाशिक)

उत्तर : भागाकार बरोबर आहे, पण या घडीला तीन समान भाग चालतच नाहीत. यात एक पान बाकीच्या दोघांच्या पोटात जाऊन बसतं. त्याची रुंदी त्यांच्याएवढीच ठेवली तर ते आत जाऊन घडीच्या कोपऱ्याला टेकतं, पुढे जागाच नसते, मग ते फुगतं नाहीतर त्याची कड मुडपते. म्हणून आत जाणारं पान २ ते ३ मिमी अरुंद ठेवायचं. आडव्या ए४ मध्ये १००, १०० आणि ९७, बेरीज बरोबर २९७. कागद जाड असेल तर ३ च्या खाली जाऊ नका, कारण फोल्डिंग मशीनवर एखादा मिमी इकडेतिकडे होतोच, हाताने घडी घातली तर त्याहून जास्त.

आता ती केशरी पट्टी कुठून आली ते बघा. तुमच्या फाइलमध्ये बाहेरच्या बाजूला डावीकडून पहिली ९९ मिमी केशरी, मग मागचं पान, मग मुखपृष्ठ असणार. बाईंडरने बघितलं की असं दुमडलं तर आतलं पान अडकतंय, म्हणून त्याने पहिली घडी ९९ वर न घालता ९७ वर घातली. मग केशरी रंगाची उरलेली २ मिमी जाणार कुठे, मागच्या पानावरच आली. दुसरी घडी १९७ वर गेली असेल तर मागच्या पानाचा रंगही १ मिमी मुखपृष्ठावर आला असेल, नीट बघा, असेलच. बाईंडरने तुमचं काम वाचवलंय खरं तर.

यात सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे दोन्ही बाजूंच्या घडीच्या जागा सारख्या नसतात. बाहेरच्या बाजूला डावीकडून ९७, १००, १०० असा क्रम येतो, म्हणजे घड्या ९७ आणि १९७ वर. कागद उलटा केला की तेच अरुंद पान उजवीकडे जातं, म्हणून आतल्या बाजूला १००, १००, ९७ आणि घड्या १०० आणि २०० वर. एका बाजूच्या गाईड लाइन कॉपी करून दुसऱ्या बाजूला तशाच टाकल्या की ३ मिमीचा फरक पडला म्हणून समजा, आणि तो स्क्रीनवर कधीच दिसत नाही, छापून दुमडल्यावरच दिसतो. ऑनलाइन तयार टेम्प्लेट वापरत असाल तरी तिन्ही पानं मोजून घ्या, टेम्प्लेट आहे म्हणजे बरोबरच असेल असं धरू नका.

घडीच्या बरोब्बर रेषेवर रंग बदलू नका हा माझा आग्रह आहे. शेजारच्या दोन पानांची पार्श्वभूमी एकच ठेवली तर घडी अर्धा-एक मिमी सरकली तरी कुणाला कळत नाही. मजकूर घडीपासून आणि कटिंगपासून निदान ५ मिमी आत हवा. ब्लीड, म्हणजे कटिंगच्या रेषेबाहेर जास्तीचा ठेवलेला रंग, चारी बाजूंनी ३ मिमी, म्हणजे फाइलचं माप ३०३ गुणिले २१६. घडीच्या खुणा कटिंगच्या रेषेबाहेर द्या, आर्टवर्कवर डॉटेड लाइन ओढली तर ती छापून येते.

आणि डिझाइनला बसायच्या आधी कोरी डमी करा. प्रेसकडून त्याच कागदाचा एक तुकडा मागा, कोणी नाही म्हणत नाही. मापात कापून घड्या घाला, बंद असतानाच पेन्सिलने मुखपृष्ठ, पाठ, उघडल्यावर पहिलं काय दिसतं, मग काय दिसतं असे आकडे टाका आणि मग उघडून पट्टीने मोजा. तेव्हा हेही लक्षात येतं की मुखपृष्ठ उघडल्यावर उजवीकडे आधी ते अरुंद पानच दिसतं, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेत दुसऱ्या नंबरची जागा तीच. तिथे लोक पत्ता आणि फोन नंबर टाकून मोकळे होतात. पत्ता पाठीवर जाऊ द्या, इथे तुमच्या क्लासबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं दोन ओळीत लिहा.

प्रश्न : बहिणीची लग्नपत्रिका मीच डिझाइन करतेय. दोन्ही बाजूंनी दारासारखी उघडणारी हवीय, बंद असताना मध्ये गणपती, अर्धा एका दारावर अर्धा दुसऱ्यावर. बंद माप १५० बाय २१० मिमी. दारं ७५-७५ ठेवू ना? रंग मरून, कागद ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम). (कोल्हापूर)

उत्तर : ७५-७५ नको ताई, दारं एकमेकांवर चढतील आणि पत्रिका बंदच होणार नाही नीट. मधलं पान १५०, दारं साडेचौऱ्याहत्तरची, म्हणजे मध्ये १ मिमीची फट राहते. उघडं माप २९९. फट दिसेल म्हणून घाबरू नका, ती डोळ्याला खुपत नाही, चढलेलं दार मात्र लगेच खुपतं.

गणपतीबद्दल नीट सांगतो कारण इथे फाइल हमखास उलटी होते. बाहेरची बाजू स्क्रीनवर सपाट पसरली की डावीकडे एक दार, मध्ये पाठ, उजवीकडे दुसरं दार. यातलं उजवीकडचं दार बंद केल्यावर डावीकडे दिसतं. म्हणजे गणपतीचा डावा अर्धा भाग फाइलमध्ये पार उजव्या टोकाला जाणार आणि उजवा अर्धा पार डाव्या टोकाला. दोन अर्धे शेजारी शेजारी नाहीत, कागदाच्या दोन टोकांना आहेत, एकमेकांकडे पाठ करून. स्क्रीनवर हे इतकं चुकीचं दिसतं की बघणारा ते "दुरुस्त" करून टाकतो आणि मग छपाई वाया जाते, तेव्हा प्रेसला फाइलबरोबर दुमडलेली डमी पण द्या. शिवाय दोन्ही टोकं ही कटिंगची टोकं आहेत, तिथे ब्लीड लागतो, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राला मध्यरेषेच्या पलीकडचा ३ मिमीचा भाग जास्तीचा ठेवावा लागतो, नुसतं अर्ध्यावर कापून चालत नाही.

हे सगळं केलं तरी शेकडो पत्रिकांमध्ये काही ठिकाणी दोन अर्धे मिलीमीटरभर वरखाली बसणारच. नक्षी असेल तर चालून जातं, पण चेहऱ्यावर, सोंडेवर ते फार वाईट दिसतं. मला विचाराल तर गणपती अख्खा एकाच दारावर घ्या आणि डाय कटिंग (साच्याने आकारात कापणं) करून त्याचा आकार दुसऱ्या दारावर थोडा येऊ द्या. डायचा खर्च वाढतो, पण मूर्ती अखंड राहते, आणि पत्रिकेत घरच्या मोठ्यांना तेच हवं असतं. खर्च नको असेल तर मध्ये फक्त वेलबुट्टी, गणपती आत.

३०० जीएसएमला क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून पाडलेली खाच, करावंच लागेल. साधारण १७० च्या वर गेलात की क्रीझिंगशिवाय घडी घालूच नये, कागदाचे धागे तुटतात आणि मरूनसारख्या गडद रंगात घडीवर पांढरी रेघ उमटते. क्रीझिंगने कागदावर एका बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा, उलट दुमडली तर क्रीझिंग करूनही रंग फुटतो. लॅमिनेशन करणार असाल तर आधी लॅमिनेशन, मग क्रीझिंग. डिजिटल प्रिंट असेल तर जास्त जपा, त्याचा टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, आणि घडीवर लवकर सुटतो.

पाकीट पत्रिकेपेक्षा दोन्ही अंगांनी ५-६ मिमी मोठं घ्या, आणि आत अक्षतांची पुडी, कार्यक्रमाचं वेगळं कार्ड असं काही जाणार असेल तर ते सगळं डमीत भरून मगच पाकिटाचं माप ठरवा.

प्रश्न : आमचा ट्रेकिंगचा ग्रुप राजगड-तोरणा भागाचा नकाशा छापतोय, खिशात मावेल असा. २० बाय ३० इंचाचा कागद, १७० चा आर्ट पेपर घेऊन नमुना केला तर आडवी घडी बसतच नाही, आत सुरकुत्या पडतात. (सातारा)

उत्तर : कागदच बदला. नकाशाला जाड गुळगुळीत कागद छान वाटतो हातात, पण एकावर एक थर किती येतात ते मोजा. २० बाय ३० इंच म्हणजे ५०८ बाय ७६२ मिमी. कडा कापून ७५२ बाय ४९८ धरू. रुंदीचे ८ भाग केले तर प्रत्येकी ९४, उंचीचे ३ केले तर १६६, म्हणजे बंद माप ९४ बाय १६६, खिशाला बरोबर. पण ८ गुणिले ३, चोवीस थर झाले. ९०-१०० जीएसएमच्या मॅपलिथोचा (साधा, चकचकीत नसलेला छपाईचा कागद) एक थर साधारण ०.१ मिमी धरला तर २.४ मिमी, वर हवेची पोकळी. १७० चा आर्ट पेपर याहून जाडही असतो आणि ताठही.

घड्यांचा क्रम असा ठेवा की आधी रुंदीच्या सातही घड्या झिगझॅग घालायच्या, एक पुढे एक मागे, पंख्यासारख्या, आणि मग ती पट्टी उंचीत तीन भागात, तीही झिगझॅग. झिगझॅगमध्ये कुठलंच पान दुसऱ्याच्या पोटात जात नाही म्हणून इथे समान भाग चालतात, नाशिकच्या पत्रकासारखं अरुंद पान करायची गरज नाही. पण आडवी घडी घालताना आठ थर एकदम दुमडतात, बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा लांबचा वळसा पडतो, म्हणून ती घडी कधीच धारदार बसणार नाही आणि आठही थरांत नेमकी त्याच जागी येणार नाही. त्या पट्ट्यात बारीक अक्षरं टाकू नका. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे नकाशा सगळ्यात आधी फाटतो, भोक पडतं. तुमच्या नकाशात असे १४ छेद येतील, सात उभ्या आणि दोन आडव्या घड्यांचे. नकाशाची चौकट चारपाच मिमी इकडेतिकडे सरकवा पण पाण्याचं टाकं, वाट फुटते ती जागा, गावातून वर चढायची सुरुवात, यातलं काही त्या छेदावर येऊ देऊ नका. ट्रेकवर तीच माहिती लागते.

कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या धाग्यांची दिशा, सात घड्यांच्या दिशेने घ्या. ग्रेन ओळखायचा तर कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकतो त्या वाकाला समांतर ग्रेन असतो. ग्रेनला समांतर घडी स्वच्छ बसते, आडवी खडबडीत. दोन्ही दिशांच्या घड्यांना ग्रेन एकदम जुळवता येत नाही, मग ज्या दिशेला घड्या जास्त तिला झुकतं माप.

आणि प्रमाणाची काळजी घ्या हो. १:२५,००० ला नकाशा असेल तर १ किमी म्हणजे ४ सेमी, तुमच्या एका घडीत रुंदीला २.३५ किमी येतात, हे चांगलं आहे, चालताना एक-दोन घड्याच उघड्या ठेवून भागतं. पण प्रेसमध्ये कुणी "थोडं बसत नाहीये, ९७ टक्के करतो" म्हटलं तर साफ नाही म्हणा, ४ सेमीचे ३.८८ झाले की पट्टीने मोजलेलं सगळं अंतर चुकतं. आकड्यातल्या प्रमाणाबरोबर मोजपट्टीही छापा, ती निदान नकाशाबरोबर लहान-मोठी होते.

प्रश्न : वाचनालयाची स्मरणिका काढली, ६४ पानं, मध्ये पिन. सुरुवातीची पानं ठीक, पण मधल्या पानांचे पृष्ठक्रमांक कडेला कापल्यासारखे झालेत. सगळ्या पानांना समास एकच दिला होता. (चिपळूण)

उत्तर : समास एकच दिला म्हणूनच झालं. ६४ पानं म्हणजे एकात एक घातलेले १६ कागद. सगळ्यात आतला कागद बाकीच्या पंधरांच्या जाडीवर बसतो, तेवढा तो बाहेर येतो, जशी एकात एक ठेवलेल्या वाट्यांमधली आतली वाटी वर राहते. कागद ०.१ मिमीचा धरा, पंधरा थरांचे दीड मिमी. मग बाहेरची कड एका रेषेत कापली की मधल्या पानांची दीड मिमी जास्त कापली जाते. पृष्ठक्रमांक कडेपासून तीन-चार मिमीवर ठेवले असतील तर ते काठाला आल्यासारखे दिसणारच. बाहेरचा समास १२ मिमी तरी द्या. प्रेसमध्ये पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याची भरपाई करायची सोय असते, ती ते करणार का हे विचारा, आणि करणार असतील तर तुम्ही फाइलमध्ये वेगळं काही सरकवू नका, दोनदा होईल. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा हे तुम्हाला माहीतच असणार.

पुढच्या वर्षी पानं वाढली, समजा १६० झाली, तर पिन न मारता परफेक्ट बाईंडिंग करा, म्हणजे पानं कडेला गोंदाने कव्हरला चिकटवा. तेव्हा कव्हरला पाठ, म्हणजे पुस्तकाच्या जाडीएवढी पट्टी, लागेल. १६० पानं म्हणजे ८० पाती, ८० गुणिले ०.१, म्हणजे ८ मिमीच्या आसपास. आसपास म्हणतो कारण कागदागणिक जाडी वेगळी, सारख्याच जीएसएमचा मॅपलिथो आर्ट पेपरपेक्षा जाड भरतो. तोच कागद ८० पाती मोजून दाबून पट्टीने मोजा आणि मग कव्हर करायला घ्या.

प्रश्न : छोट्या हॉटेलचं झिगझॅग मेनू कार्ड करायचंय, ए४. प्रेसवाले म्हणतात ए४ पेक्षा किंचित लहान करा, स्वस्तात पडेल. यात आमचं नुकसान काय? (फोंडा)

उत्तर : काहीच नाही, ते योग्य सांगतायत. आपल्याकडे डेमी कागद १८ बाय २३ इंचाचा मिळतो. त्याचे चार केले की ९ बाय साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २२९ बाय २९२ मिमी. ए४ ची लांबी २९७, इथेच ५ मिमी कमी पडली, ब्लीड आणि मशीनच्या ग्रिपरला (कागद पकडणारा चिमटा) लागणारी जागा तर अजून धरलीच नाही. त्यामुळे ए४ साठी मोठा कागद घ्यावा लागतो. २५ बाय ३६ मध्ये ए४ ब्लीडसकट आठ बसतात, पण तुमची संख्या कमी असेल तर तो कागद आणि ते मशीन परवडत नाही.

साडेआठ बाय ११ इंच ठेवा. ११ इंच म्हणजे २७९ मिमी, झिगझॅगचे तीन समान भाग ९३-९३-९३. शंभर-दोनशेच प्रती हव्या असतील तर डिजिटलवर १३ बाय १९ इंचाच्या कागदात ए४ सुद्धा ब्लीडसकट दोन बसतात, तिथे लहान करायची गरज नाही, फक्त १२ बाय १८ चा कागद आहे का १३ बाय १९ चा ते विचारून घ्या, १२ इंचात ए४ चा ब्लीड बसत नाही. आयकार्डसारखं जाड पाउच लॅमिनेशन करून त्यावर घडी घालायला जाऊ नका, घडीवर ते उकलतं आणि रश्शाचा हात लागला की आत पाणी शिरतं. पातळ फिल्मचं लॅमिनेशन आणि क्रीझिंग पुरतं.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचं पत्रक पुण्याहून डिझाइन होऊन येतं, ए४ तीन पानी. इथे लेटर साइजवर छापलं की दोन्ही बाजूंना पांढरं राहतं आणि घड्या चुकतात. (न्यू जर्सी)

उत्तर : लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिमी, ए४ पेक्षा एका बाजूने मोठा आणि दुसऱ्या बाजूने लहान. ए४ चे २९७ त्यात बसवायला प्रिंटर सगळंच ९४ टक्के करतो, मग २१० चे १९७ होतात आणि वर-खाली मिळून १८-१९ मिमी पांढरं उरतं. घड्याही १०० ऐवजी ९४ वर सरकतात, आणि छापणारा मात्र ए४ च्या खुणा धरून दुमडतो. लहान-मोठं करून हे सुटत नाही, पुण्यातल्या डिझायनरला सुरुवातीलाच ११ बाय साडेआठ इंचाचं आडवं पान घ्यायला सांगा. मिमीत पानं ९४, ९४ आणि ९१.४, त्यांना इंचात सोपं जात असेल तर ३.७, पुन्हा तेवढंच, आणि आत जाणारं ३.६. ब्लीड तिकडे बहुतेक ठिकाणी एक अष्टमांश इंच मागतात, म्हणजे ३ मिमीपेक्षा किंचित जास्त, तेवढा आधीच देऊन ठेवा. मजकूर ए४ चा तसाच उचलून टाकला तर रुंदीत प्रत्येक पानाला सहा मिमी कमी मिळतील, आरत्यांच्या लांब ओळी तिथेच तुटतात, तेव्हा त्या ओळी नव्याने लावून घ्यायला वेळ ठेवा.